हत्तीच्या पोटातली ओळ

"सर्जेराव, हत्तीच्या पोटात काय लिवलंयस?"

अन्वरभाईंनी हे विचारलं तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते. मशीन नुकतं चालू केलेलं आणि माझ्या तोंडात अर्धा वडा. मी तो सावकाश चावला. तोंडात वडा असला की माणसाला विचार करायला वेळ मिळतो, ही माझी जुनी युक्ती.

"कुठल्या हत्तीच्या?" मी म्हटलं.

"आपल्याकडं किती हत्ती हायत?"

तेही खरंच. आमच्याकडं हत्ती एकच होता. म्हणजे होता एक आणि कापले होते पाचशे.

ही अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. शिरोलीच्या एमआयडीसीत जिनगोंडा आण्णांचं पत्रा कापायचं शॉप होतं. लेझर मशीन माझ्या हातात. कंपन्यांची झाकणं कापायची, पॅनेलच्या पाट्या कापायच्या, आणि कापून उरलेल्या पट्ट्या भंगारात टाकायच्या. त्या भंगारातून अन्वरभाई पातळ पत्र्याचे तुकडे वेचायचे. पत्र्याच्या कडा घासायच्या आणि त्यावर खुणा करायच्या, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. बोलणं कमी, उजव्या अंगठ्याचं नख मात्र चांगलं लांब. जेवणाच्या सुट्टीत जुन्या लग्नपत्रिकांचा पुठ्ठा कापून हा माणूस बैल करायचा, ट्रॅक्टर करायचा. पुठ्ठ्यात जमलं की पत्र्यात.

हत्तीला त्यांना चौदा महिने लागले. एका वहीएवढ्या पत्र्यात एकतीस तुकडे. ते बोटानं सोडवायचे, वाकवायचे, एकाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत घालायची आणि जीभ वळवायची. डिंक नको, स्क्रू नको, कथलाचा डाग नको. हत्ती उभा. फक्त एक आहे, जीभ एकदाच वळते. वळवलेली परत सरळ करायला गेलात की तुटून हातात येते.

आण्णांनी हत्ती बघितला आणि त्यांच्या डोक्यात आलं की हा खोक्यात घालून विकायचा. घेणारा घरी बसून जोडील. आधी हत्ती, मग लाल बस, मग बैलगाडी, मग पन्हाळगडावरचा तीन दरवाजा. अन्वरभाईंना विचारलं, तुम्हाला काय पाहिजे. ह्यांनी मान खाली घालून सांगितलं, खोक्याच्या कोपऱ्यात कुठंतरी नाव घाला माझं, बारीक असलं तरी चालतंय. आण्णांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, तुमचं नाही घालायचं तर कुणाचं.

खोकी छापून आली. त्यांच्यावर नाव होतं आण्णांच्या जावयाचं. 'संकल्पना आणि आरेखन: सम्मेद', आणि शेजारी हाताची घडी घातलेला फोटो.

अन्वरभाईंनी खोकं सहाही बाजूंनी फिरवून बघितलं. मग म्हणाले, छपाई चांगली आलीय. आणि हात धुवायला गेले. एवढंच. बाकी कुणी काही बोललं नाही. मीही नाही. मी का नाही, ते पुढं येईल.

आता पोटातल्या ओळीचं सांगतो. लेझरची ताकद पूर्ण लावली की पत्रा कापतो, कमी केली की नुसता ओरखडा उठतो. तुकड्यांचे नंबर आम्ही तसेच काढायचो, आतल्या बाजूला, म्हणजे जोडल्यावर दिसू नयेत. सतरा नंबरचा तुकडा हत्तीचं पोट. खोकी आली त्याच दिवशी मी सतराच्या पुढं तिळाएवढ्या अक्षरात एक ओळ टाकली. 'हा हत्ती अन्वर दस्तगीर मुल्लाणी यांचा.' आणि पाचशे पत्रे कापून काढले.

तुम्ही म्हणाल, कुणी बघितलं कसं नाही. अहो, बघणार कोण? जावईबापू रोज येऊन पत्रा बल्बखाली धरायचे, पण चकचकीत बाजू. ओळ मागच्या बाजूला. पॅकिंगच्या बारा बायका पत्रा कागदात गुंडाळून खोक्यात घालायच्या, त्यांना वाचायला फुरसत नाही. ओळ नीट दिसायची तर हत्ती जोडायला बसायला पाहिजे. आणि आमच्या अख्ख्या शॉपमध्ये हत्ती जोडणारा माणूस एकच. ज्यांना तो विकायचा होता त्यांनी एकदाही जोडला नव्हता.

त्या एका माणसानं आदल्या दिवशी आण्णांच्या केबिनमध्ये ठेवायला नमुन्याचा हत्ती घरी बसून जोडला होता. म्हणून तर सकाळी साडेसातला माझा वडा अडकला.

"कशापायी केलंस?" अन्वरभाई म्हणाले.

मी नेहमीचं हसून म्हटलं, गंमत. माझी ख्यातीच तशी होती. कँटीनच्या ताटात मी एकदा पत्र्याचा पापड वाढला होता, खऱ्यासारखे फोड आणून. जावईबापूंनी तो खाल्ला. म्हणजे खायचा प्रयत्न केला. त्यानंतर महिनाभर ते पोळीसुद्धा आधी ताटावर आपटून बघायचे.

अन्वरभाई हसले नाहीत. तीन आठवड्यांनी ते रिटायर होणार होते. त्यांना गपगुमान, हार घालून घरी जायचं होतं. आणि त्याच दिवशी अकरा वाजता पुण्याच्या दामलेबाई येणार होत्या, त्यांची खेळण्यांची सात दुकानं. त्यांनी हत्ती घेतला तर पॅकिंगच्या बारा बायकांना वर्षभर काम. नाही घेतला तर जिनगोंडा आण्णा त्या बायकांना दुसऱ्या दिवशी घरी बसवणार, हे सगळ्यांना ठाऊक.

"नमुन्यातली ओळ मी घासलीया," ते म्हणाले. "पॉलिश पेपरनं."

माझ्या हातातला वड्याचा कागद मी चुरगळला. "तुमचं नाव तुम्हीच घासलं?"

"नाव ही पोटात लपवून ठेवायची चीज न्हाई, सर्जेराव. उघड लावत असशील तर लाव. न्हाईतर ऱ्हाऊ दे."

मग त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला. आज गप्प राहायचं. पुढच्या पत्र्यांतून ओळ काढायची. कुणी विचारलंच तर मशीनची चूक म्हणून सांगायचं. मी लगेच शब्द दिला. माझा शब्द म्हणजे कसा, तो द्यायला मला कधीच जड जात नाही.

अकराला दामलेबाई आल्या. साठीच्या, सुती साडी, खांद्याला झोळी, गळ्यात दोरीला चष्मा. आण्णांनी नारळपाणी ठेवलं होतं. जावईबापू नवीन शर्टात. टेबलावर काचेच्या पेटीत अन्वरभाईंनी जोडलेला हत्ती, सोंड वर केलेला, कानाची कड अशी वळलेली की वाटावं आत्ता माशी हाकलेल.

जावईबापूंनी वीस मिनिटं सांगितलं. हत्तीची कल्पना त्यांना कशी कर्नाटकातल्या जंगलात सुचली, मग किती रात्री जागून त्यांनी कॉम्प्युटरवर रेषा ओढल्या. मी दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभा होतो. पाणी कुणी मागितलं नव्हतं. अन्वरभाई माझ्या मागं, हातात फडकं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. पेटीतला हत्ती उचलून बघितला, सुंदर आहे म्हणाल्या, आणि परत ठेवला. मग उठल्या, कोपऱ्यातल्या खोक्यांच्या चळतीकडं गेल्या आणि मधलंच एक खोकं ओढून काढलं.

"मला एक टेबल मिळेल का? आणि चहा."

जावईबापूंना कळेना. बाई म्हणाल्या, त्यांची रीत आहे. स्वतःच्या हातानं जोडल्याशिवाय त्या कुठलंही खेळणं दुकानात ठेवत नाहीत. मग ती सायकल असो की आगगाडी.

"मॅडम, तीन तास लागतात त्याला," जावईबापू म्हणाले. "नमुना आहे की समोर."

"नमुना सगळेच चांगला करतात हो."

माझ्या पाठीत अन्वरभाईंचं नख टोचलं. मी मागं बघितलं नाही. टेबल आणायला पळालो. असलं टेबल आणलं, असला उजेड लावला, चिमटा दिला, की ऑपरेशन करायचं असतं तरी झालं असतं.

बाईंचा हात सराईत होता. तुकडे सुटायला लागले. एक, दोन, पाच. जावईबापू शेजारी उभे राहून वा वा करत होते. नवव्या तुकड्यापाशी बाई थांबल्या. दोन जिभा जवळजवळ होत्या. त्यांनी विचारलं, आधी कुठली वळवायची? सूचनांच्या कागदावर नुसतं 'वळवा' लिहिलंय.

जावईबापूंनी हत्तीकडं बघितलं, कागदाकडं बघितलं, छताकडं बघितलं.

"डावी," ते म्हणाले.

बाईंनी डावी वळवली. उजवी खाचेत जाईना. डावी परत सरळ करायला गेल्या, आणि टक्. जीभ टेबलावर पडली.

"अरेच्चा," बाई म्हणाल्या. "तुम्हीच काढलंय ना हे?"

जावईबापू म्हणाले, इतकी डिझाइन्स डोक्यात असतात, मॅडम. मग सोंड आली. ती कशावर गुंडाळायची ते कागदावर नव्हतं. जावईबापूंनी खिशातलं पेन काढून दिलं. पेनवर गुंडाळलेली सोंड बाहेर आली ती थेट नळाच्या तोटीसारखी. मी खोकलो. आण्णांनी माझ्याकडं असं बघितलं की खोकला जागच्या जागी बरा झाला.

मागं अन्वरभाई फडक्यावर अंगठा फिरवत होते. सोंड वळवतात तसा, आतून बाहेर. त्यांना कळतही नव्हतं आपण काय करतोय.

पंधरा. सोळा.

सतरावा तुकडा बाईंनी सुटा केला, नंबर बघायला उलटा केला, आणि गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला.

"'हा हत्ती,'" त्यांनी वाचलं, "'अन्वर दस्तगीर मुल्लाणी यांचा.'"

कॉम्प्रेसरनं तेवढ्यात हवा सोडली.

"कोण हे?" बाईंनी विचारलं.

आण्णांनी तुकडा हातात घेतला. वाचला. मग दुसरं खोकं फोडलं, त्यातला सतरा बघितला. तिसरं फोडलं. पुढं फोडलं नाही. जावईबापू एकदम बोलायला लागले, की हा ऑपरेटरचा खोडसाळपणा आहे, हा माणूस असलाच आहे, ह्यानं एकदा मला पत्र्याचा पापड खायला घातला होता. बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी नम्रपणे मान हलवली, पापडाचं खरं आहे म्हणून.

आण्णा मोठ्यानं बोलणारे नव्हते. त्यांनी अन्वरभाईंना पुढं बोलावलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "अन्वरभाई, तीस वर्षं झाली आपल्याला. सांगा बाईंना. ही सर्जाची थट्टा हाय, एवढंच सांगा."

एवढंच सांगायचं होतं. सांगितलं असतं की सगळं निभावलं असतं. बायकांचं काम, आण्णांची अब्रू, तीन आठवड्यांनंतरचा हार. सकाळी त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला होता तो ह्याच्यासाठीच. अन्वरभाईंनी माझ्याकडं बघितलं. मी जमिनीकडं बघितलं. आयुष्यात मी कुणाची नजर चुकवली असेल तर ती त्या दिवशी.

त्यांनी फडकं नीट घडी घालून खांद्यावर टाकलं.

"हत्ती मी काढलाय, बाई," ते म्हणाले. "नाव मी लिवलेलं न्हाई."

"नाव मी लिहिलंय," मी म्हटलं.

जावईबापू काहीतरी बोलणार होते, पण बाईंनी हात वर केला. त्यांनी अन्वरभाईंना एकच विचारलं. सोंड कशावर वळवायची?

"छत्रीच्या काडीवर. टोकाकडनं न्हाई, मुळाकडनं सुरू करायची."

आमच्या दारामागं त्यांची जुनी छत्री टांगलेली असायची. तिची एक काडी कायम कमी का, हे मला त्या दिवशी कळलं.

मग ते टेबलाशी बसले. आधी नवव्या तुकड्याची मोडकी जीभ बघितली. बाई म्हणाल्या, ते माझ्या हातून गेलं. अन्वरभाई म्हणाले, जाऊ दे की. शेजारची जीभ तिचं काम करती. काढतानाच तशी काढलीया, चुकणाऱ्यासाठी. आणि नखानं ती दुसरी जीभ अशी बसवली की मोडकी कुठली होती ते बाईंनाही सापडेना. सूचनांचा कागद त्यांनी बाजूला सरकवला. पाऊण तासात हत्ती उभा राहिला, पोटात ओळ घेऊन. जावईबापू तेवढ्यात कुणाचा तरी फोन आला म्हणून बाहेर गेले. फोन वाजलेला मी तरी ऐकला नाही.

बाईंनी तो हत्ती झोळीत घातला. पाचशेच्या पाचशे घेते म्हणाल्या, आणि पुढंही घेईन. अट एकच. ओळ आहे तशी राहिली पाहिजे, प्रत्येक हत्तीत.

आण्णांनी अडखळत विचारलं, आणि खोक्यावरचं नाव?

"त्याचं तुमचं तुम्ही बघा. मी खोकी विकत नाही."

त्या गेल्या. पॅकिंगच्या बायकांनी तिकडं हळूच चहा केला, आणि अक्काताईनं मला न मागता दोन कप दिले. अक्काताई त्या बारा जणींत सगळ्यात थोरली, तिच्या हातचा दुसरा कप मिळणं म्हणजे पदकच. मी तो अर्धाच प्यालो होतो तोवर आण्णांनी बोलावलं.

"बस," ते म्हणाले.

आण्णांच्या केबिनमध्ये कामगारानं बसायचं नाही, असं कुठं लिहिलेलं नव्हतं, पण कुणी बसत नव्हतं. वीस वर्षांत मला त्या खुर्चीत दोनदाच बसवलं गेलं. ही दुसरी वेळ.

अन्वरभाई आधीच आत उभे होते. आण्णा काचेच्या पेटीतला नमुन्याचा हत्ती हातात घेऊन बसले होते. त्याच्या पोटावरून बोट फिरवत त्यांनी विचारलं, "ह्याच्यातबी हाय काय ते?"

उघडून बघायचं तर जिभा मोडणार, आणि हत्ती जाणार. अन्वरभाई म्हणाले, "ह्यातली घासलीया मी, आण्णा. सकाळीच सर्जेरावाला सांगितलंया."

"व्हय," मी म्हटलं. "मला सांगितलं त्यांनी. मला आवडलं नाही, पण सांगितलं."

अन्वरभाई खोटं बोलत नाहीत, हे आण्णांना तीस वर्षं ठाऊक होतं. त्यांनी सुस्कारा सोडला आणि हत्ती परत पेटीत ठेवला. मग माझ्यापुढं एक टाइप केलेला कागद सरकवला. जावईबापू फोनवर नव्हते, हा कागद करत होते. लिहिलं होतं, की पोटातली ओळ मी, सर्जेराव मगदूम, मत्सरापोटी आणि खोडसाळपणे टाकली, ती खोटी आहे, हत्तीचं आरेखन संपूर्णपणे श्री. सम्मेद यांचं आहे. खाली माझ्या सहीची जागा.

"बाईंच्या अटीनं ओळ ऱ्हाऊ दे पोटात," आण्णा म्हणाले. "पोटात कोण बघतंय. पण उद्या काय वाद झाला तर कागद पाहिजे आपल्याकडं. सही कर, आणि कामाला लाग. दिवाळीला फोरमनचं बघू."

आता सांगतो पहिल्या वेळचं.

तीन महिन्यांपूर्वी, ह्याच खुर्चीत, ह्याच पेनानं मी एका कागदावर सही केली होती. डिझाईनच्या नोंदणीचा कागद. साक्षीदार म्हणून. हे आरेखन सम्मेद यांनी माझ्या समोर केलं, असं त्यात लिहिलेलं. मी तो वाचला होता. न वाचता सही केली असं मी लोकांना सांगू शकलो असतो, पण मी वाचला होता, दोनदा. तेव्हाही आण्णा म्हणाले होते, दिवाळीला फोरमनचं बघू. आणि मी, सगळ्या शिरोलीला टोप्या घालणारा सर्ज्या मगदूम, पेन घेऊन मोकळा झालो होतो.

मी पेन उचललं. जावईबापू दारात येऊन उभे होते, मला दिसत होते.

"आण्णा," मी म्हटलं, "ह्या खुर्चीत बसून एक खोटी सही दिली तुम्हाला. लई झाली."

"कसली सही?" आण्णा अन्वरभाईंकडं बघत म्हणाले.

"तुम्हाला ठाऊक हाय कसली. त्या कागदाचं काय करायचं ते करा, कुठं विचारलं तर मी खोटी सही केली म्हणून सांगणार. ह्याच्यावर करत नाही."

"मग उद्यापासून येऊ नको," जावईबापू दारातून म्हणाले.

"उद्याचं कशाला राखून ठेवायचं? दुपारचा चहा झालाय माझा."

"सर्जा," आण्णांनी हळूच म्हटलं, "घर चालवायचंय तुला. वाकला म्हणून माणूस मोडत नाही."

"पत्रा जिथं एकदा वाकवला तिथंच पुढं मोडतो, आण्णा. वीस वर्षं बघतोय."

मी पेनाला टोपण लावलं, आण्णांच्या खिशाला अडकवलं आणि खिसा नीट थोपटला. दारातून निघताना जावईबापूंना म्हटलं, पापड जपून खावा.

गेटबाहेर आलो. घरी काय सांगायचं ह्याचा विचार करत सिटी बसच्या थांब्यावर उभा राहिलो. पाच मिनिटांत मागून अन्वरभाई आले. एका हातात डबा, दुसऱ्या हातात काड्या कमी असलेली छत्री.

मी विचारलं, सुट्टी झाली? ते म्हणाले, कायमची. तीन आठवडे लवकर. हाराची फुलं तशीबी उद्यापर्यंत टिकत नाहीत.

बराच वेळ बस आली नाही. शेवटी मीच बोललो. म्हटलं, अन्वरभाई, ती सही. नोंदणीच्या कागदावरची. तुम्हाला सांगायचं होतं.

"ठाऊक हाय की मला."

"कवापासनं?"

"झाल्यापासनं. कागद आला तवा फायलीला लावाय आण्णांनी माझ्याकडंच दिला. त्यांना वाटलं, मला इंग्रजी येत न्हाई. येतबी न्हाई. पण हत्तीचं चित्र आणि त्याखाली जावयाची नि तुझी सही वळखाय इंग्रजी कशाला लागतंय?"

रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला. त्याचा धुरळा मी तोंडावरून पुसला.

"आणि माझ्याशी बोलत होता तुम्ही रोज?"

"मी बोलत हुतो. तूच बोलत न्हवतास. तीन म्हैने तू एक थट्टा केली न्हाईस कुणाची. मला वाटलं, पोरगं आजारी पडलं." ते पहिल्यांदा हसले. "काल सतरा नंबर उलटा केला, आणि म्हटलं, आली तब्येत जाग्यावर."

मग सकाळी एवढं का रागावलात, मी विचारलं. ते म्हणाले, रागावलो कारण लपवून केलंस. उघड्यावर केलं असतंस तर चहा पाजला असता. आज उघड्यावर केलंस. आता पाजतो.

"पण तुम्ही घासली ती ओळ," मी म्हटलं. ते काही केल्या मला गिळत नव्हतं. "आण्णांच्या पेटीतल्या हत्तीची. एवढा एक त्यांच्या डोक्यावर बसला असता कायमचा."

अन्वरभाईंनी डबा खाली ठेवला. अंगठ्याच्या नखात अडकलेली पत्र्याची बारीक चमकी काढली आणि फुंकून टाकली.

"न्हाई घासली."

"काय?"

"पॉलिश पेपर घेतला हुता हातात. खरंच घेतला हुता. मग म्हटलं, तीस वर्षं दुसऱ्याच्या पत्र्याच्या कडा घासतोय. आपलंच नाव कशाला घासू?"

"तुम्ही आण्णांना तोंडावर सांगितलं. मला सांगितलं."

"तुला सांगितलं म्हणून तर आण्णांनी मानलं. साक्षीदार तू चांगला हायस."

बस आली. आम्ही दोघं चढलोच नाही. माझं पोट दुखेपर्यंत हसलो, कंडक्टर शिव्या देऊन निघून गेला, आणि अन्वरभाईंनी समोरच्या टपरीवर मला चहा पाजला.

पुढं काय काय झालं ते लांबवत नाही. नोंदणीच्या कागदाचा वाद कुणी काढला नाही, बाईंमुळं आण्णांनाच तो नकोसा झाला. लाल बस निघाली, तीन दरवाजा निघाला नाही, तो काढणारा माणूस घरी बसला होता ना. बारा बायकांचं काम टिकलं. खोक्यावर अजून जावईबापूंचा हाताची घडी घातलेला फोटो आहे, आणि पोटात अजून ओळ आहे. जो हत्ती नुसता कपाटात ठेवतो त्याला सम्मेद भेटतो. जो बसून जोडतो त्याला अन्वर दस्तगीर मुल्लाणी. मी उचगावला एक छोटी शेड टाकलीय. पापड अजून करतो.

अक्काताई मात्र अजून आण्णांकडंच आहे. खंडेनवमीला सगळ्या यंत्रांची पूजा होते तिथं, आणि दरवर्षी आण्णा पेटी उघडून तो हत्ती बाहेर काढतात. मशीनच्या पाटावर मधोमध ठेवतात, हळद-कुंकू लावतात, झेंडूचं फूल वाहतात. आमच्या शॉपची भरभराट ह्या गजराजानं केली, असं सांगतात. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याचं सोनं द्यायला अक्काताई माझ्याकडं येते. मी तिला दरवर्षी एकच विचारतो, पहिला नमस्कार कुणी केला?

"जावईबापूंनी," ती म्हणते. "गुडघे टेकून."